अडीचशे रुपयांची सूर्यफुले

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील गोष्ट. उकाडा असा की भिंतीला हात लावला तरी चटका बसावा. संध्याकाळी सातच्या सुमारास माझी मुलगी कामावरून आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली सूर्यफुलांची जुडी घेऊन. दादरला मुद्दाम उतरून आणलेली. पाच दांड्या आणि प्रत्येकीवर बशीएवढे फूल. तिने माळ्यावरची पितळेची जुनी कळशी खाली काढली, चिंचेने घासली, पाणी भरले आणि फुले बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मांडली. खोली एकदम वेगळी दिसू लागली हे मला मान्य केले पाहिजे. पण माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा : "केवढ्याला?"

"अडीचशे."

"पाच फुलांचे अडीचशे! आणि टिकणार किती दिवस?"

"पाच-सहा दिवस. नीट काळजी घेतली तर आठवडा."

मग मी जे बोललो ते आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या घरी कधी ना कधी बोललेले असेल. अडीचशे रुपयांत एखाद्या घराची आठवड्याची भाजी होते, मागच्याच रविवारी देवळात एका आजारी माणसाच्या औषधपाण्यासाठी मदत गोळा केली, आणि आपण इकडे वाळून जाणाऱ्या वस्तूवर पैसे उडवतो, वगैरे. मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पप्पा, मी फुलं आणली नसती तर हे अडीचशे रुपये आपण त्या माणसाला दिले असते का? मागच्या रविवारी तुम्ही किती टाकले होते?"

मी पन्नास रुपये टाकले होते. तिला तो आकडा सांगितला नाही, इथे लिहून टाकतो.

ती पुढे एवढेच म्हणाली, "आजोबा दिवसभर त्या भिंतीकडे बघत पडलेले असतात. त्यांना बघायला काहीतरी असावं म्हणून आणली."

माझे वडील ८८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी पडले, तेव्हापासून त्यांची खाट बाहेरच्या खोलीत आहे. औषधे, जेवण, डॉक्टर, सगळे वेळच्या वेळी होते. त्यांना बघायला काही हवे असेल, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. त्या रात्री झोप लवकर लागली नाही. पाच दिवसांत कोमेजणाऱ्या वस्तूवर पैसे खर्च करणे, शेजारी कुणाला औषधाला पैसे नसताना, योग्य की अयोग्य? प्रश्न साधा वाटतो. पण जितका उलगडू पाहावा तितका त्याचा गुंता वाढतो, असा माझा अनुभव आहे, आणि तोच आज आपल्यापुढे मांडतो.

माझा जन्म फुलवाल्याच्या घरातला. वसईतल्या कितीतरी घरांप्रमाणे आमचीही वाडी होती. मोगरा, सोनचाफा, थोडे गुलाब. उन्हाळा हा मोगऱ्याचा हंगाम, म्हणून मे महिन्याची सुट्टी म्हणजे काय हे आम्हा भावंडांना फारसे ठाऊक नव्हते. मोगऱ्याची कळी उजाडण्यापूर्वी खुडावी लागते. ती उमलली की तिचा भाव गेला, कारण हारात आणि गजऱ्यात कळीच लागते. बॅटरीच्या उजेडात आई आणि आम्ही मुले कळ्या खुडायचो, ओल्या फडक्याखाली पाटी भरायची, आणि बाबा ती डोक्यावर घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायचे. आम्ही शाळेत जायच्या वेळेला त्यांचा बाजार आटोपलेला असायचा.

अशा या फुलांच्या घरात फुलदाणी नव्हती. आईने आपल्या वाडीतला मोगरा केसांत माळलेला मला आठवत नाही. उमलून गेलेली, दबलेली, किडीने खाल्लेली फुले अंगणातल्या क्रुसाला जायची. चांगली कळी पाटीत. "फूल म्हणजे पैसा, आणि पैसा कुणी डोक्यात माळतं का?" असे बाबा म्हणत. यात कंजूषपणा नव्हता, पाच मुलांच्या शाळेच्या फिया होत्या. आम्ही त्या फुलांवर शिकलो, नोकरीला लागलो. तेव्हा फुलांच्या किमतीबद्दल माझ्या तोंडून पटकन जो प्रश्न निघाला, तो कुठून आला हे मला चांगले माहीत आहे.

आता शुभवर्तमानातील एक प्रसंग घेऊ. तो आपण दरवर्षी पवित्र आठवड्यात ऐकतो. बेथानी गावी प्रभू जेवायला बसले असताना मरिया जटामांसीचे मौल्यवान सुगंधी तेल आणते आणि त्यांच्या पायांवर ओतते. हे तेल तीनशे दिनारांना विकले गेले असते अशी कुरबूर होते. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई एका संध्याकाळी जमिनीवर. माझ्या अडीचशे रुपयांची त्यापुढे काय कथा! हे तेल विकून गरिबांना पैसे दिले असते तर, हा प्रश्न विचारणारा ज्यूदास होता आणि थैली त्याच्याकडे असायची, असे संत योहान सांगतात. पण संत मार्क यांच्या शुभवर्तमानात ही तक्रार तिथे बसलेल्या काही जणांची आहे, एकट्या ज्यूदासाची नव्हे. मला ते अधिक खरे वाटते. तिथे बसलेल्या कुठल्याही सरळमार्गी माणसाच्या मनात हा विचार येणारच. तो विचार वाईट नाही. उलट ज्याच्या मनात तो कधीच येत नाही, त्याच्याबद्दलच काळजी वाटावी.

प्रभूने मरियेची बाजू घेतली. गरीब तुमच्याजवळ नेहमीच असतील, असे ते म्हणाले, आणि पुढे कित्येकांनी या शब्दांची ढाल केली. गरिबी काही संपत नाही, मग आपण तरी का मन मारावे, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला. पण प्रभू इथे अनुवादाच्या पंधराव्या अध्यायाची आठवण करून देत आहेत, आणि तिथे गरीब देशात नेहमीच असतील या वाक्याला जोडूनच आज्ञा आहे की म्हणून आपल्या गरजवंत भावासाठी हात मोकळा ठेव. तेव्हा बेथानीच्या आधाराने फुलांना परवानगी मिळाली आणि गरीब बाजूला पडले, असे म्हणता येत नाही. दोन्ही ओझी खांद्यावर राहतात.

माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. मरियेने स्वतःचे तेल ओतले. कुरबूर करणारे तिच्या तेलाचा हिशेब करत होते, स्वतःच्या थैलीचा नाही. मुलीच्या पगारातले अडीचशे रुपये गरिबांना वाटायला मी किती उदार झालो होतो! माझ्या खिशातले पन्नास काढताना तो उदारपणा कुठे होता?

मुलीच्या खोलीत सूर्यफुलांच्या एका चित्राची छापील प्रत कित्येक वर्षे भिंतीवर आहे. मी ते रोज पाहायचो, पण त्यामागची हकीगत मला माहीत नव्हती. फुलांवरून झालेला वाद निवळल्यावर तिने ती सांगितली, आणि नंतर मी स्वतःही वाचली. ती इथे सांगण्यासारखी आहे, कारण उन्हाळ्यात घर ताज्या सूर्यफुलांनी सजवण्याचे याहून प्रसिद्ध उदाहरण जगात नसेल.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा हॉलंडमधील एका प्रॉटेस्टंट पाळकाचा मुलगा. चित्रकार होण्यापूर्वी १८७९ मध्ये तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या मुलखात धर्मप्रचारक म्हणून काम करत होता. खाणकामगारांची दशा पाहून त्याने आपले कपडे वाटून टाकले, राहती चांगली जागा सोडली आणि झोपडीत राहू लागला. वरिष्ठांना हा अतिरेक वाटला. सहा महिन्यांची त्याची नेमणूक त्यांनी पुढे वाढवली नाही. म्हणजे गरिबांना द्यावे हे त्याला कुणी शिकवायला नको होते.

हाच माणूस नऊ वर्षांनी, १८८८ च्या ऑगस्टमध्ये, दक्षिण फ्रान्समधील आर्ल गावी सूर्यफुलांमागे लागला होता. तिथे त्याने एक पिवळ्या रंगाचे छोटे घर भाड्याने घेतले होते. पॉल गोगँ हा चित्रकार मित्र तिथे राहायला येणार होता. मित्र येणार म्हणून खोली सजवायची, आणि सजवायची ती सूर्यफुलांच्या चित्रांनी, असा बेत त्याने केला. बारा चित्रे काढायची होती, त्या उन्हाळ्यात चार झाली. फुले लवकर माना टाकतात म्हणून तो सूर्य उगवताच कामाला बसायचा. पुढे त्यातली दोन चित्रे त्याने पाहुण्याच्या खोलीत लावली. बारा खुर्च्या विकत घेतल्या, ज्या घरात एकट्याने राहायचे होते त्या घरात! हे सारे धाकटा भाऊ थिओ पाठवत असे त्या पैशांत. त्याच ऑक्टोबरात पैसे संपल्यामुळे त्याने चार दिवस बहुतेक कॉफी आणि पावावर काढले होते.

मला विचाराल तर माझ्यातला हिशेबी माणूस इथे थबकतो. भावाच्या पैशांवर जगायचे, स्वतः उपाशी राहायचे, आणि पाहुण्याची खोली सजवायची? हे शहाणपणाचे नाही. पण आपल्याकडच्या जुन्या बायका पाहुणा आला की काय करायच्या ते आठवून पाहा. स्वतःसाठी ताटात काही उरलेले नसायचे, पण पाहुण्यापुढे साधे पान येत नसे. त्याला आपण शहाणपण म्हणत नव्हतो, आणि चूकही म्हणत नव्हतो.

गोगँ २३ ऑक्टोबरला आला. दोन महिने कसेबसे निभले. डिसेंबरमध्ये भांडण विकोपाला गेले, व्हिन्सेंटने स्वतःच्या कानावर वस्तरा चालवला, आणि पाहुणा निघून गेला. फुलांनी मैत्री टिकली नाही, तेवढी अपेक्षा फुलांकडून करूही नये. त्या चार चित्रांपैकी एक १९४५ मध्ये जपानमध्ये बॉम्बहल्ल्यात जळाले. एक म्युनिकला आहे, एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत. लंडनच्या चित्रावर १४ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन तरुण मुलींनी टोमॅटोचे सूप फेकले. चित्रावर काच असल्यामुळे ते वाचले. पृथ्वी होरपळते आहे, लोकांना घर ऊबदार ठेवणे परवडत नाही, आणि तुम्हाला एका चित्राची काळजी, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे बेथानीतलाच प्रश्न, दोन हजार वर्षांनी, पुन्हा फुलांसमोर उभा राहून विचारलेला. सूप फेकणे मला पटले नाही. प्रश्न मात्र मी टाळू शकत नाही.

फुलांच्या बाजूनेही थोडे पाहिले पाहिजे. सूर्यफूल म्हटले की आपल्या घरातील बायकांना पिशवीतले तेल आठवते. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले तेव्हा त्या तेलाच्या भावाने आपल्या स्वयंपाकघरात काय गोंधळ घातला होता, ते विसरलेले नसाल. मूळ हे झाड उत्तर अमेरिकेतले. युरोपात ते सोळाव्या शतकात आले, त्यामुळे प्रभूने ज्या रानफुलांकडे पाहायला सांगितले त्यांत सूर्यफूल नव्हते हे नक्की. झाड कोवळे असताना त्याचा शेंडा दिवसभर सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळतो आणि रात्री पुन्हा पूर्वेकडे येतो. फूल पक्व झाले की हे वळणे थांबते आणि ते पूर्वेकडेच तोंड करून राहते. पूर्वेकडचे फूल सकाळी लवकर तापते आणि त्यावर मधमाश्या अधिक येतात, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. कापून कळशीत ठेवलेल्या फुलाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. आपण ज्या बाजूला तोंड करून ठेवू त्या बाजूला ते राहते.

मग ते झाडावरच का राहू देऊ नये? या आक्षेपात तथ्य आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात संत फ्रान्सिस असिसीकरांची एक आठवण दिली आहे. मठाच्या बागेचा काही भाग न लावता तसाच सोडावा, म्हणजे तिथे रानफुले आणि वनस्पती उगवतील आणि पाहणाऱ्याचे मन देवाकडे वळेल, असे त्यांनी सांगितले होते. भाजीपाल्याच्या जागेतील तुकडा, आणि तोही भिक्षेवर जगणाऱ्यांच्या मठात! फ्रान्सिसपेक्षा गरिबांचा कैवारी कोण? पण त्यांनी ती जागा भाजीला दिली नाही. इथे फुले खुडायची नव्हती, हेही लक्षात ठेवू.

पण फूल झाडावर राहिले तर माझ्या बापाचे घर चालले नसते. आणि खिळलेला म्हातारा माणूस बागेत जाणार कसा? त्याच्याकडे बागेलाच यावे लागते. फुलवाल्यांचे पोट चालते म्हणून फुले घ्यावीत, एवढ्यावरच मात्र मी थांबणार नाही. कारण कुणाचे तरी पोट कशानेही चालतेच, दारूच्या दुकानानेही. ही सबब फार लवकर हाताशी येते, म्हणून तिच्यापासून जपून राहावे.

आपल्या ख्रिस्तसभेने या बाबतीत जुनी शहाणी रीत ठेवली आहे. उपवासकाळात वेदी फुलांनी सजवत नाहीत. चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे वगळले आहेत. पास्खाच्या रात्री मात्र तीच वेदी फुलांनी उजळते. एरवीही सजावट माफक असावी असाच नियम आहे. चाळीस दिवस फुलांशिवाय राहिलेल्या डोळ्यांना फूल दिसते. रोजच ढीग असेल तर दिसेल का? आपल्याकडच्या काही लग्नांत मांडव आणि देऊळ परदेशी फुलांनी इतके भरतात की एकही फूल कुणी पाहत नाही. सगळे खर्चाचा अंदाज करत असतात. शेजाऱ्याने ऋण काढून तेवढीच आरास करावी असा दबाव त्यातून येतो. ती फुले नवरा-नवरीसाठी असतात की आलेल्या पाहुण्यांनी बोलावे म्हणून, याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्यापाशी द्यावे.

इथे एक कबुली देणे भाग आहे. आई २०११ मध्ये गेली. अंत्यविधीला इतकी पुष्पचक्रे आणि हार आले की पेटीवर ठेवायला जागा उरली नाही. सर्वांत मोठे पुष्पचक्र मी आणले होते. पांढरे गुलाब आणि मधोमध मोगरा. त्याची किंमत मी विचारलीही नाही, दुकानदाराने सांगितली ती दिली. तिसऱ्या दिवशी दफनभूमीत गेलो तेव्हा उन्हाने सगळ्याचा काळा चिखल झालेला होता. जिने साठ वर्षे पहाटे उठून कळ्या खुडल्या, तिला जिवंतपणी मी एक गजरा कधी आणून दिला नाही. ती मागणारी बाई नव्हती, आणि ती मागत नाही याचा अर्थ तिला नको आहे असा मी सोयीने लावला. "केवढ्याला?" हा प्रश्न मी मुलीला तत्परतेने विचारला. आईच्या मयताच्या दिवशी तो मला का सुचला नाही?

मयताला फुले आणू नयेत असे माझे म्हणणे नाही. ज्याला जे शक्य ते त्याने आणावे. पण दारावरून जाताना जिच्याकडे एकदा डोकावता आले असते त्या म्हातारीच्या पेटीवर मोठा हार ठेवणारे आपल्यात बरेच आहेत, आणि त्यांत मी पहिला.

त्या आठवड्यात फुलांचे काम माझ्याकडे आले, कारण मुलगी सकाळी सातला निघते. रोज पाणी बदलायचे, दांडीचे टोक तिरके कापायचे, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकायची. पंख्याचा वारा थेट लागू द्यायचा नाही. आमच्या शोकेसमध्ये प्लॅस्टिकची फुले बारा वर्षे आहेत. त्यांना यातले काही लागत नाही, वर्षाकाठी नाताळाच्या आधी एकदा धुतली की झाले. ताज्या फुलाचे तसे नाही, ते आजारी माणसासारखे वेळ मागते. कळशी बाबांच्या खाटेजवळ असल्याने मला दिवसातून दोनदा तिथे बसावे लागे, आणि बसलो की बोलणे व्हायचे. आम्ही बापलेक इतके बोललो नव्हतो. कुठल्या साली गुलाबावर कीड पडली, कुठल्या पावसात गाड्या बंद पडून पाट्या फलाटावरच कुजल्या, दादरच्या कुठल्या व्यापाऱ्याने कधी फसवले नाही, हे सारे मला तेव्हा कळले.

मावरे घेऊन येणारी बाई एका सकाळी पायरीवर टेकली. आत डोकावून म्हणाली, "आज कुणाचा वाढदिवस?"

"कुणाचा नाही," मी म्हटले.

"मग उगाच?"

"उगाच."

तिला ते पटल्यासारखे दिसले नाही, पण जाताना ती आत येऊन बाबांच्या खाटेशी उभी राहिली आणि फुले बघत त्यांच्याशी दोन शब्द बोलली. इतकी वर्षे ती दारावर येते, आत कधी आली नव्हती.

सहाव्या दिवशी पाकळ्या गळाल्या. फुलवाल्याचा मुलगा असल्यामुळे मी मधला भाग वाळवून बी मिळते का ते पाहिले. सगळे पोचट. चौकशी केली तेव्हा कळले की सजावटीसाठीच्या बऱ्याच जाती मुद्दाम परागाविना तयार केलेल्या असतात, म्हणजे टेबलावर पिवळी पूड सांडत नाही. मधमाशीलाही त्यातून पराग मिळत नाही. माणसाला आपल्या सोयीसाठी किती काय करता येते!

उरलेल्या तेवढ्या वाडीत बांधाच्या कडेने मी यंदा फेब्रुवारीत साध्या सूर्यफुलांचे बी टोचले. सुमारे वीस झाडे आली. एप्रिलअखेर फुलली. निम्म्याहून जास्त पोपटांसाठी ठेवली आहेत, म्हणजे मी ठेवली नसती तरी त्यांनी घेतलीच असती. देवळातल्या मदतीच्या थैलीत आता दर महिन्याला किती टाकायचे ते आम्ही घरात बसून ठरवले आहे. आकडा सांगत नाही, पण तो ठरवताना मुलगी समोर होती. फुले विकत आणायची वेळ आली तर तीही आणणार आहोत. अमुक इतके दिल्यावर मग फुलांना मोकळीक, असा काही नियम मला सापडलेला नाही. दर वेळी नव्याने विचार करावा लागतो, आणि कधी कधी मी चुकत असणार.

मागच्या शनिवारी सकाळी तीन फुले कापून आणली आणि त्याच कळशीत बाबांच्या समोर ठेवली. त्यांना आता कमी दिसते, तरी त्यांनी मान वळवून बराच वेळ पाहिले. मग विचारले, "डझनाला काय भाव?"

"विकायची नाहीत, बाबा. तुमच्यासाठी आणली."

ते काही बोलले नाहीत. मी पेपर उघडून बसलो. थोड्या वेळाने त्यांनी हात लांब करून एका पानाला लावला आणि म्हणाले, "खालची पानं काढ. पाण्यात कुजतील."